मांडवात घातलेली मोहनमाळ

त्या दिवशी आमची तारीख होती. आमची म्हणजे त्याची. पण इतकी वर्षं त्याच्या प्रत्येक तारखेला मी बरोबर गेलो, तेव्हा आमचीच म्हणायची. पाटसच्या स्टँडवर मी सकाळीच जाऊन उभा राहिलो. पुण्याची गाडी आली. कंडक्टरला म्हटलं, थांबा जरा, आमचा माणूस येतोय. तो काही आला नाही. गाडी गेली. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या... खोटं कशाला बोलू, तोंडानंच घातल्या, शेजारचा माणूस दचकून बघायला लागला. अपिलाची तारीख, तिकडं वकील ताटकळत बसणार, आणि हा बाबा अजून आंघोळीचं पाणी तापवत असेल! दुसरी गाडीही गेली तेव्हा फोन लावला. उचलला त्याच्या शेजारणीनं. "नाना, हिकडं या. आप्पा उठंनात..." एवढंच बोलली. तिथून त्याच्या खोलीपर्यंत मी कसा गेलो ते मला आठवत नाही. भिंतीकडं तोंड करून तो झोपला होता. उशाशी कोर्टात घालायचा सदरा धुऊन, घडी करून ठेवलेला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. त्रास झाला नसणार, म्हणे! बारा-तेरा वर्षं जो झाला तो काय होता मग?

त्याला मी इथं सदू म्हणणार आहे. लोक त्याला सदूआप्पा म्हणायचे असं समजा. खरं नाव का लिहीत नाही ते पुढं कळेल. माझं हायवेलगत शिलाईचं दुकान आहे, गडीमाणसांचे कपडे शिवतो, आणि या पुरवणीत माझी पत्रं अधूनमधून छापून येतात. माणूस गेल्यावर त्याच्यावर चार चांगली वाक्यं लिहायची पद्धत आहे. मला ती जमणार नाहीत. मला राग आलेला आहे, आणि तो कुणावर काढावा हे अजून ठरत नाही.

सदू पहिल्यांदा दुकानात आला तो बंडी शिवायला. तेव्हा आम्ही दोघंही तरुण. कापड पुढं टाकून म्हणाला, "आतनं खिसा पायजे. डाव्या अंगाला." मी म्हटलं, पाकिटाला बाहेर दोन खिसे आहेत की. तर म्हणाला, "पाकिटाला न्हाई वो. त्यात दुसऱ्याची वस्तू राहनार हाय. पडली तर मी मेलो." मी शिवून दिला. दुसऱ्या दिवशी हा परत. "नाना, खिसा हाय का कणगी? वस्तू आत लोळतीया." लहान केला. परत आला. "आता हातच जाईना." शेवटी मी वैतागून विचारलं, एवढं ठेवणार तरी काय आहेस त्यात? त्यानं बाहेर जाऊन रस्त्यावर इकडं तिकडं बघितलं, आत आला, कमरेची पुरचुंडी सोडली आणि लाल कापडात गुंडाळलेली मोहनमाळ काढून माझ्या टेबलावर ठेवली. खडूनं तिचं माप घेऊन मी खिसा कापला. मग जन्मभर त्याच मापाचा खिसा शिवत आलो, आणि प्रत्येक वेळी काही ना काही कारणावरून आमचं भांडण झालं. त्या भांडणांतूनच दोस्ती झाली असावी, कारण दुसरं काही निमित्त मला सापडत नाही.

शिरूरच्या एका सराफ पेढीवरून सदू दागिने जांगडावर आणायचा. जांगड म्हणजे माल विकत घ्यायचा नाही, नुसता विकायला न्यायचा. विकला तर पैसे पेढीवर भरायचे आणि आपलं कमिशन घ्यायचं. नाही विकला तर जसाच्या तसा परत नेऊन द्यायचा. तोवर वस्तू खिशात तुमच्या, पण मालकी पेढीची. लगीनसराईत, त्यात कारखान्याचा सीझन जोरात असला की मळ्यातल्या बायांना शिरूरला जाऊन दुकानं फिरायला सवड कुठली? तर सदूच त्यांच्या पडवीत जाऊन बसायचा. राहू, पाटस, नदीकाठची सगळी मळ्याखळ्यातली घरं त्याला पाठ. लाल कापड पसरायचा, त्यावर दागिने मांडायचा आणि बायांना खुशाल हाताळू द्यायचा. एखादी म्हातारी लाजत लाजत बघत असली की म्हणायचा, "घाला की आजी. आरशात बघायला पैसं पडत्यात व्हय?" म्हातारी घालायची, आरशात बघायची, सुना हसायच्या. चहा आला की हा नको म्हणायचा. आधी वस्तू जागेवर, मग च्या. वस्तू खिशात गेल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही. आणि चालताना, गाडीत बसताना, देवळात नमस्कार करतानासुद्धा डावी छाती वरून दाबून बघायचा. एसटीत झोप लागली तरी हात तिथंच. अनोळखी माणसं विचारायची, बाबा, छातीत दुखतंय का?

थोरले शेठ होते तोवर सगळं शब्दावर चालायचं. ते अंथरुणाला खिळले आणि पेढी मुलाकडं आली. धाकट्या शेठनं वस्तू देताना चिठ्ठीवर सही घ्यायला सुरुवात केली. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या खिशात सोनं द्यायचं तर सही घेणारच.

सदूची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. राहिली एक धाकटी बहीण, कौसल्या. ती राहूला दिलेली. तिचा नवराही अकाली गेला आणि मागं एकच लेक, मनीषा. या मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा सदू दुकानात येऊन माझ्याकडून नवा सदरा आणि नवी बंडी शिवून घेऊन गेला. मामा होता ना! लग्न ठरवायच्या बैठकीत पोरीच्या चुलत्यानं, कुणी मागितलेलं नसताना, मिशीवर ताव देत मोहनमाळ घालू म्हणून सांगून टाकलं होतं. लग्नाच्या दिवशी सगळा मांडव भरला, नवरदेव चौरंगावर आला, आणि पोरीचा गळा मोकळाच. नवऱ्याकडचे एक पाव्हणे पुढं झाले. "माळ बोलली व्हती. आमी मागितली न्हवती, तुमीच बोलला व्हता." चुलता म्हणाला, "नंतर दिऊ की. पळून चाललोय का काय?" आणि जेवणाचं बघायला म्हणून जो मंडपामागं गेला तो गेलाच. पाव्हणे म्हणाले, "मग लगीन बी नंतरच लावू." नवरदेव चौरंगावरून उठायला लागला. कौसल्या पदराचा बोळा तोंडात धरून खांबाला टेकली होती. वाजंत्री थांबली. हजार माणसांचा मांडव, आणि सगळी माणसं एका पोरीच्या गळ्याकडं बघतायत...

मामा म्हणून मनीषाला चौरंगाकडं न्यायला सदू तिच्याजवळच उभा होता. मी त्याच्या शेजारीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडला एका घरी दाखवायची म्हणून आदल्या दिवशीच त्यानं पेढीवरून एक मोहनमाळ आणली होती. घरी ठेवायचा धीर नाही, म्हणून लग्नातही खिशातच. त्याचा हात सदऱ्याच्या आत गेलेला मी बघितला आणि त्याचा दंड धरला. "सदू, दुसऱ्याची हाय ती."

"म्हाईत हाय. पोरगी मांडवपरतणीला आली की काढून घीन. चार दिसाचा सवाल हाय, नाना."

आणि त्यानं ती माळ सगळ्यांदेखत पोरीच्या गळ्यात घातली. "मामानं घातली! मामानं घातली!" असा गलका झाला. वाजंत्री सुरू झाली. कौसल्या तिथंच मटकन खाली बसून रडायला लागली. पाव्हणे हसत हसत येऊन सदूला मिठी मारून गेले. अक्षता पडल्या.

लग्नात उसना दागिना घालतात, आमच्याकडं सर्रास घालतात. पण तो बाया-बायांत, आतल्या खोलीत, दोन्हीकडच्या मोठ्या बायकांना सांगून घालतात आणि सांगूनच काढतात. मांडवात, मामाच्या हातानं, हजार माणसांसमोर घातलेली वस्तू परत मागायची नसते. ती पोरीची झाली. जन्मभर लग्नघरं फिरलेल्या सदूला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्या क्षणी त्याला फक्त चौरंगावरून उठणारा नवरदेव दिसत होता.

मांडवपरतणीला मनीषा आली ती मोकळ्या गळ्यानं. माळ सासूबाईंनी कपाटात ठेवली होती, एवढी मोलाची वस्तू सणावाराला घाल म्हणून. पोरगी सदूच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, माझा बाप असता तरी त्यानं एवढं केलं नसतं." माळ कुठली ते ओळखून असलेली कौसल्या त्याच्याकडं बघत होती. दारामागं ओढून नेऊन ती त्याला एवढंच म्हणाली, "दादा, नको मागू. पाया पडते तुझ्या." सदूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाला, आणि हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेला. बराच वेळ आलाच नाही.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. धाकट्या शेठनं विचारलं, माळेचं काय? हा म्हणाला, गिऱ्हाईक बघतंय. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, त्याला धड खोटंही बोलता येईना. हप्त्यानं भरून देतो म्हणाला, तर शेठ म्हणाला, "आप्पा, विकली असेल तर कुणाला ते सांगा. नसेल विकली तर माळ आणून ठेवा. हप्त्याचं काय बोलता? बाकीची कमिशनवाली माणसं बघतायत माझ्याकडं." बरोबरच होतं त्याचं. शेवटी त्यानं फिर्याद दिली. पोलिसांनी विचारलं, माल कुठंय? सदू म्हणाला, "हरवला साहेब. यष्टीत पडला." ज्यांनी ज्यांनी त्याला एसटीत छातीवर हात ठेवून झोपलेलं बघितलं होतं, त्या सगळ्यांना ते ऐकून हसू आलं असेल. त्याला जामीन राहिलो मी. शिलाईचं दुकान तारण!

शिरूरच्या वकिलांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं होतं. "आप्पा, वस्तू उधारीवर विकली आणि गिऱ्हाइकानं बुडवलं, तर आपण म्हणू शकतो की हा पैशाचा वाद आहे, दिवाणीत जा. पण दुसऱ्यानं विश्वासानं विकायला दिलेली वस्तू परस्पर भलतीकडं दिली, तर तो फौजदारी विश्वासघात. पैसा तुम्ही खाल्ला की नाही, याला तिथं किंमत नाही. फक्त एक आहे. माळ परत आली तर शेठ मिटवायला तयार आहेत, कोर्टाची परवानगी मी मिळवतो. माळ कुठं आहे?" सदू म्हणाला, "हरवली." वकील माझ्याकडं बघायला लागले. मी पंख्याकडं बघायला लागलो.

तारखांना आम्ही चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला जायचो. एकदा परत येताना माझा तोल सुटला. भर गाडीत ओरडलो त्याच्यावर. "अरे, एकदा जा आन् पोरीला सांग! खानार हाय का ती तुला?"

"ती दील, नाना. म्हणूनच जात न्हाई. आत्ता काढून दील. मग त्या घरात कुठल्या तोंडानं राहायचं तिनं? उसनी माळ घालून आली म्हणून मरस्तोवर ऐकंल ती. आन् पोलिसांना खरं सांगितलं, तर तिच्या दारात जीप जाईल."

"आन् तू? तू चोर म्हणून मरनार व्हय?"

"मी कुठं उद्याच मरतोय," असं म्हणून तो हसला. त्याच्या त्या हसण्याचा मला इतका संताप आला की पुढं चौफुला येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

निकाल लागला. वस्तू सोपवलेली होती, ती परत केली नाही, तिचं काय झालं याचा पटण्यासारखा खुलासा नाही... शिक्षा झाली. पुण्याला अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली, हा बाहेर राहिला. बाहेर म्हणजे कुठं? ज्या घरांत त्यानं सुनांची मंगळसूत्रं नेऊन दिली, त्या घरांतून आतूनच आवाज यायचा, "कुणी न्हाई घरी." रांजणगावच्या एका कंपनीत वॉचमनचं काम बघितलं, तर ठेकेदारानं पोलिस व्हेरिफिकेशन मागितलं. ते कुठून देणार? शेवटी माझ्या दुकानात काजंबटणं करत बसायचा. बारीक टाका घालायचा, मला बोलायला जागा ठेवायचा नाही. गिऱ्हाईक आलं की मात्र उठून मागच्या बाजूला जायचा. आणि अधूनमधून डावी छाती दाबून बघायचा. खिसा रिकामा! तरी बघायचा. मध्ये एकदा त्याला नवी बंडी शिवायला घेतली तेव्हा मी विचारलं, आता आतला खिसा कशाला रे बाबा? खाली बघत म्हणाला, "असू दे. हात जातो तिथं."

दहाव्याला नदीवर फार माणसं नव्हती. मनीषा नवऱ्याबरोबर, लेकीला घेऊन आली होती. मामावर केस आहे एवढं तिला माहीत होतं, पण कौसल्येनं तिला ती कुठल्या तरी हरवलेल्या पाटल्यांची केस म्हणून सांगितलेलं होतं. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसलेले, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सुटला बिचारा. न्हाईतर म्हातारपनी आत बसायची पाळी आली असती." मनीषा ताडकन उठली. पदराआडून ती माळ बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर धरली. "ही बगा. बापाविना पोरीच्या गळ्यात ज्यानं भर मांडवात ही घातली, त्यो दुसऱ्याची वस्तू खाईल व्हय? लाज वाटू द्या बोलताना!" मी कौसल्येकडं बघितलं. ती पाण्याकडं बघत होती. सगळं सांगून टाकावं असं वाटलं... आणि मी काय बोलणार होतो? त्याच्या उभ्या आयुष्यात चारचौघांत त्याची बाजू घेऊन ती एकटी पोर उभी राहिली होती, आणि हातात पुरावा धरला होता तो हा.

त्याच आठवड्यात वकिलांचा फोन आला. म्हणाले, आरोपी गेला की अपीलही संपतं आणि खालच्या कोर्टाचा निकाल तसाच राहतो. पण जवळच्या नातेवाइकानं महिन्याच्या आत अर्ज केला तर पुढं चालवता येतं. मी म्हटलं, मी करतो. म्हणाले, "मित्राला नाही येत, नाना. बायको, मुलं, आईबाप, नाहीतर भाऊबहीण." मी राहूला गेलो. कौसल्या लसूण निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही. मग म्हणाली, "नाना, आता त्यो निर्दोष सुटला तरी घरी कुनाला आनायचा? आन् चालवायचं म्हंजी माळ कुठं गेली ते सांगावं लागंल. भाऊ गेला माझा. लेक तरी राहू द्या." मला तिला खूप बोलायचं होतं. लसणाच्या पाकळ्या सुपाबाहेर पडत होत्या. मी त्या वेचून सुपात टाकल्या आणि उठलो. तो महिना आता सरला. सदू कागदोपत्री कायमचा गुन्हेगार झाला. वकील म्हणतात, तसं बघितलं तर खरं सांगूनही गुन्हा गुन्हाच होता. असेल. पण चोर म्हणजे काय आणि सदू म्हणजे काय, एवढा फरक सांगायला तरी कुणीतरी उभं राहायला हवं होतं की नको? म्हणून हे लिहिलं. तर तेही असं, की त्याचं नाव लिहिता येत नाही. नावं सगळी बदलली आहेत, त्या घरानं वाचलं तरी ओळखू नये एवढं बाकीचंही हलवलं आहे. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला याचा काडीचा उपयोग नाही.

परवा मनीषा दुकानात आली होती. तिला मामाची काहीतरी वस्तू आठवण म्हणून हवी होती. त्याच्या खोलीत तसं काही नव्हतंच; भाड्याची खोली, ती मालकानं रिकामीही करून घेतली. माझ्याकडं त्याची एक जुनी बंडी दुरुस्तीला म्हणून खुंटीवर लटकत होती. ती दिली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली, नाकाशी धरली, मग तिचा हात आतल्या खिशाला लागला. "काका, एवढा आत खिसा कशाला वो?" मी म्हटलं, सवय होती त्याला. तिनं गळ्यातली माळ काढली, हातात गोळा केली आणि त्या खिशात घातली. बरोब्बर बसली. बसणारच, त्याच मापाचा कापलेला. "ह्यातच ठेवीन आता," म्हणाली. "मामाजवळ राहील." बंडीची घडी घालून तिनं पिशवीत टाकली, आणि उठता उठता पिशवीवरून हात दाबून बघितला.

मी मशीनवरून उठलो, दारापर्यंत गेलो. म्हटलं, "सांभाळून ने गं. पडली तर..."